सांगलीत घर बघताना आधी पाण्याचा हिशेब

पत्र:
सप्रेम नमस्कार. आम्ही मूळचे जतकडचे. यंदा माझी बदली मिरज तालुक्यातल्या शाळेत झाली, मिस्टरांची नोकरी माधवनगरला, म्हणून सांगलीतच घर घ्यायचं ठरवलंय. दोन घरं मनात भरलीत. एक शामरावनगरमधलं रो-हाउस. 12 वर्षांचं, खाली-वर मिळून दोन मजले, नुकतंच रंगवलेलं. दुसरा विश्रामबागमधला फ्लॅट, 15 वर्षांपूर्वीच्या इमारतीत, तिसऱ्या म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर. दोन्ही घरं आम्ही पंधरा-वीस मिनिटांत बघून बाहेर आलो. घरी आल्यावर लक्षात आलं की किचनचा ओटा आणि हॉलचं पीओपी सोडून काहीच आठवत नाही. सासरे म्हणतात, वास्तू तेवढी बघा, बाकी सगळं होतं. एजंट म्हणतो, शनिवारपर्यंत टोकन दिलं नाही तर दुसरी पार्टी तयार आहे. घर बघायला गेल्यावर नेमकं काय बघायचं?
– एक वाचक, सांगली

उत्तर:
ताई, नमस्कार.

शनिवारी टोकन देऊ नका. का देऊ नका ते पुढे सांगतो, पण ही गोष्ट थांबण्यासारखी नाही म्हणून पहिल्याच ओळीत.

तुम्ही जतकडच्या. तिकडे घर घेताना पहिला प्रश्न असतो, पाणी आहे का. सांगलीत त्याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न विचारावे लागतात: पाणी कुठवर आलं होतं, आणि आलेलं पाणी जातं कुठे. मग ते नदीचं असो, पावसाचं असो, गच्चीवरचं असो की बाथरूमचं. घर बघायला गेलात की या पाण्याच्या मागे लागा. जुन्या घराचे निम्म्याहून जास्त आजार पाण्यातून सुरू होतात असा माझा अनुभव आहे. ओटा, रंग, फरशी, पीओपी हे सगळं पैसे टाकले की बदलतं. जागेची उंची बदलत नाही.

आधी नदी.

कृष्णेचं पाणी सांगलीत आयर्विन पुलापाशी मोजतात. तिथे 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी. 2005 च्या पुरात पाणी 53 फुटांच्या वर गेलं होतं, ऑगस्ट 2019 मध्ये 57 च्या वर, आणि जुलै 2021 मध्ये पुन्हा 54 च्या वर. जुन्या सांगलीकराला हे आकडे मुलांच्या वाढदिवसासारखे पाठ असतात, तुम्ही इथे नव्या आहात म्हणून लिहितोय. शहराच्या खालच्या अंगाला हरिपूरजवळ वारणा कृष्णेला मिळते. वारणाही फुगलेली असली की कृष्णेच्या पाण्याला पुढे सरकायला वाव राहत नाही, ते शहरात पसरतं आणि उतरायलाही दिवस घेतं. म्हणजे घरात पाणी नुसतं येऊन जात नाही, मुक्काम करतं. भिंतींचं खरं नुकसान त्या मुक्कामात होतं.

आता हे आकडे घर बघताना कसे वापरायचे ते सांगतो. तुमचं रो-हाउस 12 वर्षांचं आहे, म्हणजे 2019 आणि 2021, दोन्ही पूर त्याने पाहिलेत. मालकाला विचारा, जरूर विचारा, पण त्याच्याआधी गल्लीच्या तोंडावरच्या किराणा दुकानदाराला किंवा समोरच्या घरातल्या आजींना विचारा, "2019 ला पाणी कुठवर होतं हो?" इथला माणूस आकडा सांगत बसत नाही, सरळ भिंतीवर हात ठेवून दाखवतो. समजा तो हात रो-हाउसच्या जोत्यापासून चार फुटांवर आला. पुलाजवळची तेव्हाची पातळी 57 च्या वर. त्यातून चार वजा करा. म्हणजे पुलापाशी साधारण 53-54 फूट पाणी झालं की या घराच्या उंबऱ्याला ते लागणार. शहरभर पाण्याची पातळी अगदी एकसारखी नसते, त्यामुळे अर्धा-एक फूट इकडेतिकडे धरा. तरीही या हिशेबाने 2021 मध्ये पाणी उंबऱ्याशी आलेलं असणार, कदाचित आतही. मालक म्हणाला की "2021 ला आमच्या अंगणातसुद्धा पाणी नव्हतं," तर आजींचा हात आणि मालकाचं बोलणं यांचा मेळ बसत नाही. तिथे थांबून पुन्हा विचारायचं.

मग घरात या आणि खुणा शोधा. नुकताच रंग दिलाय असं तुम्ही लिहिलंय. विकायच्या आधी घर रंगवणं यात वावगं काही नाही, सगळेच रंगवतात. पण रंग जिथे पोचत नाही अशा जागा प्रत्येक घरात असतात. जिन्याखालचा कोपरा. मीटरच्या पेटीची आतली बाजू. कंपाउंडच्या भिंतीचं शेजाऱ्याकडचं अंग. किचन ट्रॉलीच्या मागचा प्लाय, तो पाण्यात राहिला असेल तर कडेने फुगून त्याचे पापुद्रे सुटलेले असतात. दाराची लाकडी चौकट खालच्या दोन फुटांत काळपट पडलीय का, की फक्त तळमजल्याच्या चौकटी बदलून ग्रॅनाइटच्या केल्यात आणि वरच्या मजल्यावर लाकडीच आहेत, हे बघा. हॉलच्या भिंतीला तीन-चार फुटांपर्यंत टाइल्स लावलेल्या दिसल्या तर कौतुक करून पुढे जाऊ नका. पूरपट्ट्यात बरेच जण ओल झाकायला आणि पुढच्या वेळी धुवायला सोपं जावं म्हणून तसं करतात. यात मालकाची लबाडी असेलच असं नाही. पण त्या टाइल्स तुम्हाला काहीतरी सांगत असतात.

एक गोष्ट मात्र नक्की करून घ्या. सोबत एक ओळखीचा इलेक्ट्रिशियन न्या. मालकाच्या परवानगीने मेन स्विच बंद करा, आणि तळमजल्यावरचा सगळ्यात खालचा प्लग पॉइंट, टीव्हीमागचा किंवा पलंगाजवळचा, त्याचे दोन स्क्रू काढून प्लेट बाजूला करायला सांगा. आत लोखंडी पेटी असते. पुराचं पाणी आत जाऊन गेलेलं असेल तर त्या पेटीच्या तळाशी मातकट, पिठासारखा बारीक गाळ वाळून बसलेला सापडतो, आणि स्क्रू तांबेरलेले असतात. भिंत तीनदा रंगवली तरी ही पेटी पुसायचं सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. गाळ सापडला तर तळमजल्याचं वायरिंग नव्याने करायचा खर्च हिशेबात धरा, आणि अर्थिंग तपासून घ्या.

यावरून असं समजू नका की पूर आलेलं घर घेऊच नये असं माझं म्हणणं आहे. गावभागातली, मारुती चौकातली कितीतरी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या पुराचं पाणी सोसून तिथेच राहिलीत आणि सुखाने राहिलीत. पण त्यांना ठाऊक असतं की पाणी येणार आहे, आणि त्यांचं सामान, त्यांची गाडी, त्यांचे कागद त्या हिशेबाने ठेवलेले असतात. ठाऊक नसताना घेतलेलं घर आणि ठाऊक असून घेतलेलं घर यात फार फरक पडतो. रो-हाउस घ्यायचंच ठरलं तर वरच्या मजल्यावर संडास आहे का, तिथे चार दिवस चूल पेटवता येईल का, मीटर आणि इन्व्हर्टर उंचावर नेता येईल का, जमिनीखालच्या हौदाचं झाकण किती उंच आहे, हे बघा. झाकण अंगणाच्या पातळीला असेल तर रस्त्यावरच्या पहिल्याच पाण्यात गटाराचं पाणी हौदात मिसळतं. घराचा विमा उतरवायचा असेल तर त्यात पूर धरलाय की नाही ते लेखी विचारा. आणि किंमत त्या मानाने खाली यायला हवी, हे स्पष्ट बोला.

महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन या प्लॉटच्या सर्व्हे नंबरवरून तो निळ्या आणि लाल पूररेषेच्या कुठल्या बाजूला येतो ते विचारा. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदाच्या पुराची. निळ्याच्या आत असेल तर पुढे त्या जागेवर नवं बांधकाम करणं, वर मजला चढवणं, बँकेचं कर्ज मिळणं, सगळंच अवघड होतं. अशा वेळी माझा सल्ला सरळ नाही म्हणायचा आहे.

आता पाऊस. शामरावनगरचा बराच भाग सखल आणि काळ्या मातीचा. नदीला पूर नसतानाही चार तास धो-धो पाऊस झाला की मोकळ्या प्लॉटांत पाणी साचतं आणि दिवसेंदिवस राहतं. घरासमोर उभं राहून जोतं रस्त्यापेक्षा किती वर आहे ते मोजा, टेप घेऊनच जा. रस्त्यावर दर काही वर्षांनी खडी-डांबराचा थर चढतो, त्यामुळे बांधताना दोन फूट उंच असलेलं घर दहा-बारा वर्षांत अर्धा फूट उंच राहिलेलं दिसतं. शेजारचे मोकळे प्लॉट कुणी भर टाकून उंच केलेत का तेही बघा. चारी बाजूंनी भर पडली की मधल्या घराचा खड्डा होतो. गल्लीतली गटार कुठे जाऊन मिळते, तिला उतार आहे का, की पुढच्या चौकात ती नुसतीच संपते? एवढ्यासाठी पन्नास-शंभर पावलं चालत जा.

पावसाळा तोंडावर आलाय, ही तुमच्यासाठी चांगली गोष्ट आहे. मे महिन्यात घर कोरडंठाक असतं. पहिला दणकून पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी, फोन न करता, त्या गल्लीतून चक्कर मारून या. जे दिसायचं ते दिसेल.

काळी माती मात्र उन्हाळ्यातच बोलते. ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसते, शेतात भेगा पडतात ना, तसंच घराखालीही होतं. पाया पुरेसा खोल, खालच्या मुरमापर्यंत नेलेला नसेल तर घर दरवर्षी थोडं वर-खाली होतं आणि भिंती तडकतात. या भेगा एप्रिल-मे मध्ये उघडतात आणि पावसाळ्यात मिटतात. म्हणून रो-हाउसच्या भेगा आत्ताच, पाऊस पडायच्या आधी बघून घ्या. प्लास्टरवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या केसाएवढ्या रेघा असतात, त्यांची काळजी नको. कॉलम आणि विटांची भिंत जिथे मिळते तिथली सरळ उभी रेघही बहुतेक वेळा निरुपद्रवी. काळजी करायची ती खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेल्या भेगेची. ती एका टोकाला रुंद होत गेली असेल, आत पाच रुपयांचं नाणं शिरत असेल, आणि तीच भेग भिंतीच्या बाहेरच्या बाजूलाही दिसत असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्याची फी तुम्हाला जड वाटेल. घराच्या किमतीपुढे ती काहीच नाही. दारं-खिडक्या सहज लागतात का, की घासतात, हेही प्रत्येक खोलीत करून बघा. घर बसलं की पहिल्यांदा दारं अडतात.

रो-हाउसमधलं शेवटचं पाणी म्हणजे संडासचं. ड्रेनेजची लाइन आहे की सेप्टिक टँक, विचारा. टँक असेल तर त्याचं पाणी कुठे मुरतं? काळ्या मातीत शोषखड्डा पावसाळ्यात कामच करत नाही, कारण माती आधीच पाण्याने भरलेली असते. मग भांड्यातून गुडगुड आवाज येतो, आणि जास्त पाऊस झाला तर घाण उलटी वर येते. चेंबरचं झाकण उघडून मागा. वरचे-खालचे सगळे फ्लश एकदम ओढा, नळ सोडा आणि चेंबरमध्ये पाणी झटकन वाहतंय की तुंबून वर चढतंय ते बघा. मालकाला हे विचित्र वाटेल, वाटू द्या.

आता विश्रामबागचा फ्लॅट. तो भाग बराचसा उंचावर, त्यामुळे नदीची काळजी तितकी नाही. तरी खालचं पार्किंग आणि येण्याजाण्याचा रस्ता यांची चौकशी करा, घर कोरडं पण आठ दिवस बाहेर पडता येत नाही असंही होतं. या फ्लॅटचा खरा प्रश्न डोक्यावर आहे. सगळ्यात वरचा मजला म्हणजे गच्चीचा स्लॅब तुमचा. उन्हाळ्यात तो तापणार आणि पावसाळ्यात गळणार की नाही, यावर सगळं अवलंबून.

आधी गच्चीवर जा. एजंट चावी नाही म्हणाला तर सोसायटीच्या सेक्रेटरीकडून मागवा. चावी मिळेपर्यंत घर बघून झालं असं धरू नका. वर गेल्यावर पाणी साचल्याचे गोल डाग, शेवाळाचे वाळलेले काळे पट्टे कुठे आहेत ते बघा. कोब्याला बारीक तडे आहेत का, पॅरापेट म्हणजे गच्चीचा कठडा आणि गच्ची जिथे मिळते त्या कोपऱ्याला गोलाई दिलीय का, की तिथे फट पडलीय? पावसाचे पाइप पानांनी भरलेत का? टाकीखाली ओल आहे का? एकावर एक चार प्रकारचे वॉटरप्रूफिंगचे थर दिसले तर समजा की गळती जुनी आहे आणि थांबलेली नाही.

खाली आल्यावर छत बघायचं, आणि तुमच्या फ्लॅटमध्ये पीओपी आहे. पीओपी शोभेसाठी करतात हे खरं, पण गळका स्लॅब लपवायलाही त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. त्यावर उपाय सोपा आहे. पीओपीत बसवलेला एखादा गोल एलईडी लाइट खाली ओढला की बाहेर येतो, तो मागच्या दोन स्प्रिंगांवर टिकलेला असतो. बटण बंद करून तो काढायला सांगा आणि त्या भोकातून मोबाइलचा टॉर्च लावून वरचा स्लॅब बघा. शक्यतो बाहेरच्या भिंतीजवळचा आणि बाथरूमजवळचा, असे दोन-तीन लाइट काढा. पांढरे, चुनखडीसारखे ओघळ असतील तर पाणी झिरपतंय. तांबूस डाग असतील तर आतली सळई गंजायला लागलीय. स्लॅबचे पापुद्रे पडून सळई उघडी दिसत असेल तर तो फ्लॅट सोडा, कितीही स्वस्त असो. गंजलेली सळई फुगते आणि भोवतालचं काँक्रीट फोडत जाते, त्याची दुरुस्ती एकट्या फ्लॅटमालकाच्या हातातली नसते.

पश्चिमेकडची भिंत हाताने चाचपा. आपल्याकडे पावसाचा मार त्याच बाजूने. पश्चिमेची खोली आतून पोपडे आलेली, बाकीच्या कोरड्या, असं असेल तर बाहेरच्या प्लास्टरला तडे आहेत. ते काम सोसायटी करते की ज्याचं त्याने करायचं, विचारा.

तुमच्या बाथरूमची गळती तुम्हाला दिसणार नाही, ती खालच्यांना दिसते. म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाची बेल वाजवा. "आम्ही वरचा फ्लॅट बघतोय, तुमच्या बाथरूमचं छत जरा बघू का?" एवढं विचारलं की बहुतेक जण घरात घेतात, चहाही देतात, आणि सोसायटीचा सगळा इतिहास सांगतात. लिफ्ट किती वेळा बंद असते, पाणी वरच्या मजल्यावर दाबाने चढतं का, मेंटेनन्स कोण थकवतं, हे एजंटकडून कधी कळणार नाही. बोअरचं पाणी वापरात असेल तर नळांच्या तोंडाशी आणि शॉवरच्या जाळीवर पांढरा क्षार किती जमलाय ते बघा. गीझर आणि पाइपचं आयुष्य त्यावरून कळतं.

कागदांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ते काम वकिलाचं आहे. बँकेच्या पॅनेलवरचा वकील बँकेसाठी काम करतो, तुमच्यासाठी नाही. स्वतःचा वकील लावा आणि त्याच्याकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासल्याचा अहवाल, घ्या. सात-बारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, फेरफार, बिनशेतीचा आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला), आधीची सगळी खरेदीखतं, घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या, वीजबिल हे सगळं त्याच्यापुढे ठेवा. मालकाचे वडील वारले असतील तर बहिणींची नावं वारस म्हणून लागलीत का आणि त्यांच्या सह्या होणार आहेत का, हा प्रश्न आधीच काढा. आपल्याकडे व्यवहार फार वेळा इथेच अडतो.

सांगलीत एक प्रश्न जास्तीचा: प्लॉट गुंठेवारीतला आहे का? शहराच्या कडेच्या शेतजमिनींचे गुंठे पाडून विकले गेले आणि त्यावर वसाहती उभ्या राहिल्या. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने अशी जुनी बांधकामं नियमित करून घ्यायची सोय केली, आणि 2021 च्या दुरुस्तीने ती मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली. तुमचं रो-हाउस 12 वर्षांचं, म्हणजे पहिल्या मुदतीच्या नंतरचं. प्लॉट गुंठेवारीतला निघाला तर नियमितीकरणाचं प्रमाणपत्र मागा, आणि ते प्लॉटचं आहे की वरच्या बांधकामाचंही, ते वाचून घ्या. "फाइल टाकलीय, होऊन जाईल" हे उत्तर धरायचं नाही. नुसत्या नोटरीच्या कागदावर व्यवहार झालेला असेल तर त्या घराचा विचार सोडा.

फ्लॅटच्या बाबतीत, महारेरा, म्हणजे नव्या बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणारं राज्याचं प्राधिकरण, 2017 साली सुरू झालं आणि तुमची इमारत त्याच्या आधीची. तेव्हा तिथे रेराचा नंबर शोधत बसू नका, भोगवटा प्रमाणपत्र आहे का आणि जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का ते विचारा. पार्किंग कागदावर कुणाच्या नावाने आहे, तेही. क्षेत्रफळ सांगतात ते बिल्टअप (भिंती धरून) की कार्पेट (भिंतींच्या आतलं), हे टेप लावून स्वतः मोजा, दोघांनी मिळून अर्ध्या तासाचं काम आहे. आणि घर फक्त तुमच्या नावावर घेतलंत तर महाराष्ट्रात महिलांना मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. मिस्टरांचं नाव जोडलं की ती मिळत नाही. काय करायचं ते दोघं ठरवा, पण माहीत असलेलं बरं.

सासऱ्यांचं म्हणणं मोडू नका. त्यांना पुढच्या वेळी बरोबर न्या. घर कुठल्या तोंडाचं, स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं का, वारा कुठून खेळतो, हे बघायची त्यांची नजर आपल्यापेक्षा पक्की असते, आणि त्याचा राहण्याशी रोजचा संबंध आहे. शिवाय वयाने मोठा माणूस बरोबर असला की शेजारीपाजारी जास्त मोकळं बोलतात. फक्त त्यांना दुपारी तीन वाजता वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दहा मिनिटं पंखा बंद करून बसायला सांगा. उन्हाळ्यातली ती खोली त्यांना झेपते का, हे त्यांनीच ठरवावं. लिफ्ट बंद असताना तीन जिने चढणं झेपतं का, तेही.

तुमच्या पत्रावरून मला विचाराल तर माझा कल फ्लॅटकडे आहे. गच्चीची गळती दुरुस्त होऊ शकते, सोसायटी चालती असेल तर खर्चही वाटून जातो. सखल जागेला तसा उपाय नाही. पण स्लॅबमध्ये तांबूस डाग सापडले, आणि रो-हाउसचं जोतं उंच, बोर्डाची पेटी स्वच्छ, कागद नियमित निघाले, तर हेच मत उलटं होईल. दोन्ही घरं पुन्हा बघा, एकेका घरात निदान दीड-दोन तास काढा. टेप, टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर आणि एक वही बरोबर ठेवा, आणि बघून झालं की गाडीत बसायच्या आधी वहीत लिहून काढा.

आता ते टोकन. दुसरी पार्टी खरंच असेलही. तरी वकिलाने कागद बघेपर्यंत एक रुपयाही द्यायचा नाही. कागद ठीक निघाले आणि घर धरून ठेवायचंच असेल तर छोटी रक्कम द्या, चेकने किंवा ऑनलाइन, आणि थेट मालकाच्या खात्यात. एजंटच्या हातात रोख देऊ नका. विसार पावती करा आणि त्यात स्पष्ट लिहून घ्या की सर्च रिपोर्टमध्ये दोष निघाला, वारसांच्या सह्या झाल्या नाहीत, किंवा कागदांच्या त्रुटीमुळे बँकेने कर्ज नाकारलं, तर पूर्ण रक्कम अमुक दिवसांत परत. त्यानंतर वकिलाकडून वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या, हरकतीची मुदत संपू द्या, मगच साठेखत, म्हणजे खरेदीचा करार. मालक ही अट पावतीत लिहायला तयार नसेल तर ते घर त्या दुसऱ्या पार्टीला घेऊ द्या.